टाकीखालची वस्ती

आत पाऊल टाकण्याआधी म्हाताऱ्यानं त्या जाड दारावर बोटाच्या सांध्यानं एकदा टक् केलं, मान डाव्या खांद्याकडं कलती केली आणि डोळे मिटून तो क्षणभर तसाच उभा राहिला. ऐकू तर त्याला धड येत नव्हतं. त्याचसाठी तर तो आला होता. पण हाताची सवय कानाला विचारून थोडीच जाते! "पोकळ आहे हो हे," तो गरजला. बहिऱ्या माणसांना सगळं जग नदीच्या पलीकडं उभं आहे असंच वाटतं. "आत कापूसबिपूस भरलाय वाटतं?" ती यंत्रापाशी बसून पेनं चालतात का ते बघत होती. तांबडं पेन उजव्या कानासाठी, निळं डाव्यासाठी. निळ्या पेनाचं टोपण तिच्या हातातून सुटलं आणि टेबलाखाली कुठं तरी गडगडत गेलं. ते शोधायला ती वाकली नाही. "बसा," ती म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

इतकी वर्षं ती माणसांचे कान तपासत आली होती. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरची बसायची, आणि ही आतली. आणि आतल्या खोलीत उभी केलेली ही आवाजबंद पेटी, एक खुर्ची मावेल एवढी, दुहेरी काचेची खिडकी असलेली. पेटीत शिरताना माणसं तऱ्हेतऱ्हेनं वागत. कुणी पंखा आहे का विचारी, कुणी दार बाहेरून लावू नका म्हणून विनवी, कुणी उगीचच अंग चोरून शिरे. पण दार वाजवून, मान कलती करून, त्या आवाजाचा माग काढत उभं राहणारं माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिलं होतं. या म्हाताऱ्याचा चेहरा ओळखू यावा असा उरलाच नव्हता. कपाळ पार मागं सरकलेलं, गाल आत गेलेले, भुवयांचे पांढरे झुपके डोळ्यांवर आलेले. रस्त्यात समोर आला असता तर ती बाजूला होऊन पुढं गेली असती. पण ती मान! एखाद्याचं सगळं म्हातारं होतं आणि एखादी लकब तेवढी तरणीताठी राहते, तसं झालं होतं. ठोकेकाका. रेल्वेच्या वस्तीत त्याला सगळे हेच म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवसाखेरीज कुणाला आठवत नसे.

त्याचं काम होतं चाकं ठोकायचं. गाडी येऊन उभी राहिली, की लांब दांड्याची हातोडी घेऊन तो इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जाई आणि प्रत्येक चाकावर एकेक टोला हाणी. चाक धड असेल तर खणखणीत वाजे. आत कुठं केसाएवढी चीर असली तर आवाज बद्द येई. बद्द आवाज आला की तो तिथंच बसे, पुन्हा ठोके, आणि हात वर करी. मग गाडी हलत नसे, आत कितीही मोठा साहेब असो. हा ठोकायचा नाद त्याला चाकांपुरता राहिला नव्हता. तो घागरी ठोकी, दारं ठोकी, शाळेच्या पाट्या ठोकी, ती समोरून पळत गेली तर तिच्या डोक्यावर टक् करून म्हणे, "खणखणीत आहे पोरगी!" आणि ती हसली की तिच्यामागं दारात उभी असलेली आईही हसे. आई तशी हसणारी बाई नव्हती.

तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. चढवताना बोटं त्याच्या मानेला लागली आणि तिला त्याच्या शर्टाची कॉलर दिसली. कॉलर झिजली म्हणून उसवून, उलटी करून परत शिवलेली होती. टाके इतके बारीक, की जवळ गेल्याशिवाय कळू नये. असं आता कोण करतं? तिच्या लहानपणी बाबांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी अशा उलटलेल्या असत. "बटण दाबायचं ना, आवाज आला की?" म्हातारा गरजला. "माहितीये मला. दोन ठिकाणी झालंय आधी." मग इथं कशाला आलात, असं तिनं तोंडानं कमी आणि हातानं जास्त विचारलं. "बायकोचा हट्ट! घराच्या खाली दवाखाना आहे, रस्ता ओलांडला की दुसरा आहे. पण नाही. तुम्ही मागं टीव्हीवर आला होता ना, कानांची काळजी कशी घ्यायची ते सांगायला? तेव्हापासून तिनं माझा पिच्छाच पुरवलाय. मला तर काय, तुमचे नुसते ओठ हलताना दिसले. पण ही उठून टीव्हीला नाक लावून बसली. म्हणते जायचं तर तिथंच. दोन बस बदलून आलोय." आणि डोळे बारीक करून, मोठी गंमत सांगावी तसं तो म्हणाला, "आणि इथवर येऊन आत काही येईना. बाहेर बसलीय."

तिनं पेटीचं दार लावलं. दोन्ही कड्या फिरवल्या. मग यंत्रापाशी येऊन ती खोलीच्या दाराकडं पाठ करून बसली. तशी ती रोजच बसे. टेबलच तसं होतं. पण आज पाठीला ते दार कळत होतं. साधं लाकडी दार, वर धुरकट काच. काचेपलीकडं बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, पाण्याचं पिंप, टेबलाशी नावं लिहून घेणारी मुलगी आणि तिचा सारखा घरघरणारा फोन. आणि एका खुर्चीत. ती खुर्ची कुठली असेल? खिडकीजवळची, की दाराशी लागून असलेली? दाराशी असेल तर दोघींच्या मध्ये फक्त त्या फळीची जाडी. तिनं चकती फिरवली आणि उजव्या कानात पहिला सूर सोडला. म्हाताऱ्यानं लगेच बटण दाबलं. जाडे, खालच्या पट्टीतले सूर त्याला ऐकू येत होते. तिनं तांबड्या पेनानं कागदावर गोल काढला. गोल वाटोळा, नेटका आला. हाताचं बरं असतं.

वस्तीच्या त्या माळावर आधी काही नव्हतं, असं बाबा सांगत. खडक, काटेरी झुडपं आणि वारा. मग रूळ आले. डोंगर चढून आलेली इंजिनं नेमकी तिथं पोचेपर्यंत तहानेनं व्याकूळ होत, म्हणून तिथं विहीर खणली. विहिरीवर पंप आला, पंपाशेजारी लोखंडी पायांची उंच टाकी आली, टाकीपासून रुळांपर्यंत नळ आणि नळाच्या टोकाला फिरती सोंड. मग कोळसा टाकायला जागा पाहिजे, कोळसा ओढायला माणसं पाहिजेत, माणसांना खोल्या पाहिजेत. खोल्यांची एक रांग झाली, मग पाठीला पाठ लावून दुसरी. एक किराणावाला कुठून तरी येऊन टपकला. त्याच्यामागून न्हावी आला, शिंपी आला. मास्तर आले आणि एका खोलीची शाळा झाली; शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. बाबा पंप चालवत. त्यांचं ठाम मत होतं, की वस्ती स्टेशनमास्तरची नाही की कुणाची नाही, पाण्याची आहे. "इंजिन पाणी पितंय तोवर आपण जेवतोय," ते म्हणत. ती जन्मली तेव्हा वस्ती भरात होती. दिवसरात्र शंटिंगची आदळआपट, वाफेचे सुस्कारे, शिट्ट्या, कोळशाच्या टोपल्यांची खसखस, आणि या सगळ्याखाली पंपाची एकसुरी धकधक. पाहुणे येत त्यांना झोप लागत नसे. वस्तीतली पोरं पंप बंद पडला की दचकून जागी होत.

डावा कान. निळ्या फुल्या. वरच्या पट्टीत गेलं की म्हातारा थांबे, भुवया वर करी, काचेतून तिच्याकडं आशेनं बघे. आणि ती आवाज वाढवत नेई, वाढवत नेई. आलेख अलगद उतरत होता आणि मग एके ठिकाणी दरीत कोसळत होता. कारखान्यांत, रेल्वेत, लोखंडाच्या संगतीत आयुष्य काढलेल्या माणसांचे असे कान तिनं पुष्कळ पाहिले होते. पातळ, बारीक, टोकदार आवाज सगळे गेलेले. चिमण्या गेलेल्या, चमच्यांची किणकिण गेलेली, बायकांचं बोलणं निम्मं गेलेलं. धड आणि बद्द यांतला फरक तर केव्हाच गेला असेल. हे तिच्या मनात आलं आणि त्याबरोबर एक उकळता, कडवट आनंद घशाशी आला. तिनं तो गिळला. कोण कुणाची शिक्षा भोगतंय, असं काही नसतं. कानांना न्यायबिय कळत नाही.

पहिलं डिझेल इंजिन आलं त्या दिवशी सगळी वस्ती फलाटावर होती. चकचकीत, रंगवलेलं, धूर ना वाफ. मास्तरांनी पोरांना ओळीनं उभं केलं होतं, हात हलवायला. इंजिन थांबलं. सोंड त्याच्यापाशी उभीच. ड्रायव्हरनं खाली वाकून सोंडेकडं पाहिलं आणि मजेनं म्हणाला, "मला नको. मी पिऊनच आलोय." सगळे खो खो हसले. बाबाही हसले. त्यातलं काय कळायचं होतं ते बहुधा एकट्या किराणावाल्याला कळलं, कारण सगळ्यांत आधी तोच गेला. मग बदल्यांचे हुकूम यायला लागले. कुणी निघालं की उरलेली सगळी वस्ती फलाटावर निरोपाला जमे. आधी आधी रडारड होई. पुढं पुढं निरोप द्यायला माणसंच कमी पडायला लागली, तेव्हा तीही थांबली. जाणारे दारं, खिडक्या, छपराचे पत्रे बरोबर नेत. एका आठवड्यात शेजारच्या खोलीत उजेड दिसे. पुढच्या आठवड्यात खोलीला आभाळ दिसे. शाळा बंद झाली. रुळाचा तुकडा तेवढा टांगलेला राहिला आणि वाऱ्यानं आपोआप वाजे, तेव्हा आई कानांवर हात दाबून घेई. आई माणसांच्या गजबजाटातली. तिला आवाज लागत. या खोलीतून त्या खोलीत हाक मारायची, उत्तर यायचं, भांडण असलं तरी चालेल. आता ती हाक मारी आणि हाक तशीच माळावर निघून जाई. "आपला हुकूम कधी येणार?" ती विचारी. "येईल," बाबा म्हणत आणि पंपावर जात. पाणी पिणारं इंजिन महिन्यातून एखादं. पण पंप बंद करा असं कुणी लिहून पाठवलं नव्हतं, म्हणून बाबा टाकी भरत. टाकी भरून वाहायला लागे. टाकीखाली, त्या खडकाळ माळावर, गुडघाभर हिरवंगार गवत माजलं होतं. "कुणासाठी भरताय हो?" आई एकदा ओरडली. आधी कधी ती ओरडली नव्हती. बाबांनी शांतपणे हात पुसले आणि म्हणाले, "भरायचं काम माझं. प्यायचं त्यांचं."

सूर संपले. आता शब्द. ही तपासणी तिच्या आवाजात असे. ती माईकमध्ये शब्द बोलायची आणि ऐकू आला तसा तो आतल्यानं परत म्हणायचा. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं पुठ्ठा धरायचा. तिनं पुठ्ठा धरला. "पाणी," ती म्हणाली. "पाणी!" पेटीतून आलं. "घर." "घर." "चाक." "चाक," म्हातारा म्हणाला आणि हसला. तिनं आवाज उतरवला. "साखर." तो अडखळला. "...सागर?" तिनं आणखी उतरवला. आता त्याला काही ऐकू येत नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तो खुर्चीच्या कडेला सरकून, गुणी विद्यार्थ्यासारखा वाट बघत होता. आणि तिच्या तोंडून, पुठ्ठ्याआडून, यादीत नसलेलं वाक्य गेलं. "बाहेर माझी आई बसली आहे का?" म्हातारा वाट बघत राहिला. तिनं परत म्हटलं. एका काचेपलीकडं बसलेल्या माणसाला तोंडावर विचारावं आणि त्यानं प्रसन्नपणे ऐकत राहावं! तिच्या कानांमागं घामाचा ओघळ आला. तिची बोटं चकतीवर गेली. एक खटका वर. "बाहेर माझी आई बसली आहे का?" आणखी एक खटका. आपण हे करता कामा नये, हे तिला कळत होतं. तपासणीची एक रीत असते. आणखी एक. म्हाताऱ्याच्या भुवया हलल्या. आवाज पोचला होता. त्यानं मान डावीकडं कलती केली, डोळे मिटले, आणि शब्द पकडत पकडत, प्रश्न नव्हे तर नुसती पाठ केलेली अक्षरं म्हणावीत तसा, तिचंच वाक्य तिला परत दिलं. "बाहेर... आई... बसली आहे." आणि डोळे उघडून त्यानं विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली.

त्या दिवशी ठोकेकाकाला निरोप द्यायचा होता. थांबायच्या गाड्याच उरल्या नव्हत्या, तर चाकं कुणाची ठोकणार. त्याची बदली शहरातल्या मोठ्या स्टेशनात झाली होती. एकट्या माणसाचं सामान ते काय, एक ट्रंक आणि वळकटी. फलाटावर ती होती, आई होती, स्टेशनमास्तर आणि आणखी दोन-तीन बायका. बाबा पंपावर. दुपारची पॅसेंजर आली. ठोकेकाका चढला, खिडकीशी बसला, आणि आईच्या ध्यानात आलं की प्यायच्या पाण्याचं त्याचं भांडं बाकावरच राहिलं. ते घेऊन आई डब्यात चढली. शिट्टी झाली. "अहो वहिनी, उतरा, उतरा!" कुणी तरी हसत ओरडलं. गाडी हलली. "वहिनी!" आता हसणं नव्हतं. ती डब्याबरोबर पळाली, फलाट संपेपर्यंत पळाली. आई खिडकीशी बसली होती, फलाटाकडं पाठ करून. तिला वाटलं, गाडीनं आईला चुकून नेलं. उलट दिशेच्या गाडीनं आई परत येईल म्हणून ती संध्याकाळपर्यंत तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. तिला खरं काय ते सांगायला वस्तीत धड माणसंही उरली नव्हती. बाबांनी फक्त त्या संध्याकाळी तिच्या केसांची वेणी घालून पाहिली आणि ती सुटली तेव्हा परत घातली.

तिनं हेडफोनमधून त्याला सांगितलं, पाच मिनिटं आतच बसा, कानांना विसावा लागतो. असा काही विसावा लागत नसतो. मग ती उठली. दारापर्यंतचं अंतर ते किती, चार पावलं. परत फिरता येईल, मुलीला सांगून अहवाल बाहेर पाठवता येईल, सरळ सांगता येईल की मॅडम गेल्या. कडी तिच्या हाताला गार लागली. दार उघडलं आणि दाराला लागून असलेल्या खुर्चीतली बाई उठून उभी राहिली. उठताना तिनं भिंतीला हात टेकला. बुटकी, पाठीत वाकलेली, केस अगदी विरळ. आईला ती नेहमी उंच समजत आली होती. टेबलावरची मुलगी मान वर करून बघायला लागली. "या, आत या," ती आईला म्हणाली. "त्यांच्या कानांबद्दल बोलायचंय. तुम्ही बसा इथं."

आई आत आली पण बसली नाही. काचेतून तिनं पेटीत बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं हात हलवला. आईनंही हलवला. दोघींना तो बघत होता आणि दोघींचं काही ऐकत नव्हता. "फार गेलेत का?" आईनं विचारलं. आवाज मात्र तोच, थोडा घोगरा झालेला. "बरेच गेलेत. मशीन बसवलं तर बोलणं समजेल. तुम्ही समोर बसून बोलायचं, ओरडायचं नाही. ओरडलं की उलट कळत नाही." हे सगळं ती रोज दहाजणांना सांगे; ते आपोआप बाहेर येत गेलं. आई मान डोलवत होती. मग बोलायचं संपलं.

"बाबा?" आईनं विचारलं.

"गेले. सहा वर्षं झाली."

"त्रास झाला?"

"नाही. झोपेत गेले." मग ती म्हणाली, "तुमचं नाव कधी घेतलं नाही त्यांनी. वाईटही नाही बोलले."

"ते कुणाबद्दलच बोलत नसत," आई म्हणाली, आणि काय झालं कोण जाणे, दोघींच्याही चेहऱ्यावर हसू येऊ घातलं आणि आलं नाही. आईनं खुर्चीची पाठ धरली. "मी आले होते. तुला माहीत नसेल. वर्ष झालं असेल जाऊन. गाडीत बसले, आणि मग कळलं की आता तिथं थांबतच नाही. गार्डला म्हटलं, अहो, मिनिटभर थांबवा. तो म्हणाला, बाई, उतरून करणार काय, तिथं आहे कोण? म्हटलं, माझी पोरगी आहे. तो म्हणाला, तिथलं तर सगळं उठलं." ती बोलत होती ते नवऱ्याकडं बघत, काचेकडं तोंड करून. "वळणावर गाडी हळू होते ना, तिथं मी दारात उभी राहिले. खोल्यांना छपरं नव्हती. शाळेच्या भिंती पडलेल्या. आणि टाकी कोरडी. टाकीवरून पाणी पडत नाही म्हणजे तुझे बाबा तिथं नाहीत, एवढं मला कळत होतं."

ती यंत्राला टेकून उभी राहिली. ते दिवस तिला लख्ख आठवत होते, कारण पंप इतके दिवस त्याच एका वेळी बंद राहिला होता. पट्टा तुटला, आणि बाबा तापानं फणफणलेले. टाकी उन्हात तडकत होती. मालगाडीचा गार्ड गाडी जरा हळू करून आठवड्याच्या शिध्याचं पोतं खाली टाकी, त्यावर दोघं जगत होती. ती विहिरीतून बादलीनं पाणी काढी, बाबांच्या कपाळावर पट्ट्या ठेवी. एरवी कुठलीही गाडी आली तरी ती धावत जाऊन हात हलवायची, सगळ्या खिडक्या डोळ्यांखालून घालायची. त्या दिवसांत गेली नव्हती. गाड्या भिंतीपलीकडून जात, भांडी थरथरत, ती पट्टी बदले. वळणापासून त्यांच्या खोलीचं अंतर एका हाकेचं. त्यांच्या छपराला पत्रे होते, फक्त त्यांच्याच. पण ते वळणावरून टाकीच्या आड येत.

समोर ही बुटकी म्हातारी उभी होती, खुर्ची धरून. एवढं आयुष्य तिनं त्या कोरड्या टाकीवर काढलं असेल. आम्ही तिथंच होतो, एवढं एक वाक्य बोललं की टाकी कोसळेल. इतक्या वर्षांत ते वाक्य बोलायला मिळावं म्हणून आपण काय नसतं दिलं! आणि आता ते जिभेवर आलंय तर उचलवत नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तोवर आम्ही गेलो होतो."

आईनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. "नको," ती म्हणाली. "असं नको करू. दोरीवर फ्रॉक होता."

यंत्राला टेकलेली ती सरळ उभी राहिली.

"टाकीच्या पायांना दोरी बांधलेली होती. त्यावर तुझा निळा फ्रॉक. ओला होता, पाणी ठिबकत होतं. दुसरं काही मला सांगू नकोस. गाडीतल्या बाईला मी म्हणालेसुद्धा, बघा, टाकी कोरडी आहे. फ्रॉकचं बोलले नाही."

"मग?"

"साखळी डोक्यावर होती. हात वर गेला होता माझा." आईनं हात थोडासा उचलून दाखवला; तो खांद्याच्या वर गेला नाही. "ओढली असती, तर उतरावं लागलं असतं. आणि परत तिथं... तो पंप, तो माळ, ते गप्प बसणं."

"मग?" तिचा आवाज चढला. टेबलावरच्या मुलीनं बाहेर नक्कीच मान वर केली असेल.

"मग काय," आई म्हणाली. "वळण संपलं."

पेटीत म्हातारा अजून हेडफोन लावून बसला होता आणि मधूनच बटण दाबत होता. कुणी सूर सोडत नव्हतं तरी त्याला काही तरी ऐकू येत होतं. असं होतं, फार वेळ शांततेत बसलं की कान स्वतःच वाजायला लागतात. दर वेळी दाबलं की तिच्या टेबलावरचा छोटा दिवा लागे आणि विझे. ती त्या दिव्याकडं बघत राहिली. तिला ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते सापडत नव्हतं. जे सापडत होतं ते एका लहान मुलीचं होतं आणि ते या वयाच्या बाईच्या तोंडी बसलं नसतं. "आता कशाला आलात?" तिनं विचारलं, आणि ते तिच्या अपेक्षेपेक्षा हळू आलं.

"त्याला ऐकू येत नाही," आई म्हणाली. "चार वर्षं झाली. घरात दिवसभर मी एकटीच बोलते. बोलते आणि ते तसंच भिंतीला जातं. जे सोडून पळाले ते घरात येऊन बसलंय माझ्या. बोलायचं कुणाशी? मग टीव्हीवर तुझा आवाज आला. चेहऱ्यावरून मी ओळखलं नसतं. खरं सांगते, नसतं ओळखलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मशीन चांगलं दे त्याला. एवढंच. मी काही मागायला नाही आले."

तिनं जाऊन पेटीच्या कड्या सोडवल्या. म्हातारा डोळे मिचकावत बाहेर आला. हेडफोनच्या दाबानं त्याचे कान लालबुंद झाले होते. त्यानं एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. "झालं ना बोलून? काय म्हणतायत मॅडम?" तो गरजला. "उपाय आहे का, की भंगारात?" आईनं त्याची उलटी कॉलर सरळ केली आणि त्याच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत, न ओरडता म्हणाली, "आहे. मशीन बसवायचंय." आत्ताच सांगितलेलं सगळं तिनं तंतोतंत पाळलं होतं. म्हाताऱ्याला कळलं. तो खूश होऊन हसला.

तिनं कागद लिहून दिला. कानाचा साचा काढायला पुढच्या गुरुवारी यावं लागेल, सकाळी, आणि कानात तेल घालू नका, असं सांगितलं. दोघं दाराकडं वळली. आई पुढं, भिंतीला हात टेकत टेकत, म्हातारा मागं. बाहेर पुढचा पेशंट येऊन बसला होता आणि मुलगी त्याला थांबायला सांगत होती. आईनं कडीला हात घातला.

"बरोबर कुणी तरी लागतं," ती म्हणाली. आई थांबली. "मशीन लावून बघताना ओळखीचा आवाज लागतो. घरातला." इतका वेळ ती आईला तुम्ही म्हणत होती; दुसरा तो एवढासा शब्द तिनं त्या फलाटापासून तिला म्हटला नव्हता. यात बोलावणं होतं की जाब होता, तिचं तिलाच कळत नव्हतं. "तू ये," ती म्हणाली.

आईनं मागं वळून पाहिलं नाही. कडीवरचा तिचा हात मात्र तसाच राहिला, दार न उघडता.